अकरा कॉल, शून्य सेकंद

१

राधाकिशन चाळीस वर्षं मेंढरांमागं चालला आणि शेवटी मुरमाच्या खदानीत बसल्या जागी मेला. बंकटला तो सापडला तेव्हा दुपारचे चार वाजले होते. पाठ खदानीच्या भिंतीला टेकलेली, डावी मांडी मोडून वाकडी झालेली, खालचा मुरूम रक्तानं काळा पडलेला आणि उजव्या मुठीत कोरा करकरीत मोबाइल. डॉक्टर म्हणाले, पडला सकाळी आठच्या सुमाराला, जीव गेला बाराच्या आसपास. म्हणजे चार तास माणूस जिवंत होता, शुद्धीवर होता आणि त्याच्या हातात फोन होता.

फोन बंदही नव्हता. बॅटरी अर्ध्याहून जास्त, रिचार्ज भरलेलं. शिरूर कासारहून आलेल्या जमादारानं खदानीच्या काठावर उभं राहून स्वतःचा फोन लावून बघितला, तर घरून बायकोनं लगेच उचलला आणि येताना कोथिंबीर आणायला सांगितली. रेंज अशी भरपूर. मग राधाकिशननं कुणाला बोलावलं कसं नाही?

तर बोलावलं होतं. फोनच्या यादीत त्या सकाळचे अकरा कॉल होते, अकराच्या अकरा एकाच माणसाला, त्याच्या विधवा सुनेला, ताराबाईला. आणि ताराबाईच्या फोनमध्ये त्या सकाळी राधाकिशनचा एकही कॉल नव्हता.

पोलिसांनी आकस्मिक मृत्यूची नोंद केली आणि हात झटकले. गावाचं तेवढ्यावर भागत नाही. गावानं दुसरा दिवस मावळायच्या आत निकाल लावून टाकला: सुनेनं फोन वाजताना बघितला, उचलला नाही आणि म्हातारा मेल्यावर सगळे कॉल पुसून टाकले.

२

त्रिंबकतात्यांनी पोलिसांच्या बिनतारी विभागात एकतीस वर्षं कानाला हेडफोन लावून काढली होती. निवृत्तीच्या वेळी सरकारनं पेन्शन दिली आणि डाव्या कानाचा बहिरेपणा वर फुकट दिला. शिरूर कासारात त्यांना सगळे वायरलेस तात्या म्हणत. माणसांविषयी त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं, आणि यंत्रांविषयी तर त्याहून वाईट होतं. राधाकिशनच्या वस्तीवरून त्यांच्याकडं रोज शेळीचं दूध यायचं, ते घेऊन यायची ताराबाई.

सहाव्या दिवशी ती आली ती रिकाम्या हातानं. सुतकात दूध आणायचं नसतं म्हणून उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. डोळे कोरडे होते. रडून झालेलं माणूस तात्यांना ओळखू यायचं.

"तात्या, मी न्हाई पुसलं काई," ती म्हणाली. "फोन वाजलाच न्हाई. दिसभर कमरंला हुता माज्या. नऊ वाजता अंगनवाडीतल्या बाईसंगट बोलले मी. ते तेवढं हाय फोनात. त्यामुळंच तर म्हनतेत, फोन चालू हुता, मंग सासऱ्याचाच कसा काय आला न्हाई?"

"म्हणू दे की. लोक काय, चार दिवस म्हणतील."

"लोकांचं काई न्हाई. तेराव्याला भावकी बसनार हाय. तानाजी भावजी म्हनतेत, वहिनीनं आपलं बोचकं उचलावं अन् निघावं. अन् तेजश्रीला ठिवून घेनार. पोर आमच्या रक्ताची हाय म्हनतेत." इथं मात्र तिचा आवाज फाटला. "नऊ वर्साची हाय वो ती. तिचा बाप जाऊन चार वर्सं झाली. आता आई जित्ती असताना..."

तानाजी हा राधाकिशनचा धाकटा मुलगा. बायकोला घेऊन माजलगावकडं ऊसतोडीला गेलेला, बाप गेल्याचं कळल्यावर परत आलेला. बापाच्या फोनातल्या कॉलच्या यादीचा फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकला तो त्यानंच. ताराबाईनं तो फोटो तात्यांना दाखवला. तात्यांनी चष्मा लावला.

अकरा कॉल. प्रत्येकापुढं शून्य सेकंद. आठ बाराला सात. मग आठ चाळीस, नऊ पंचवीस, दहा पन्नास आणि शेवटचा अकरा छत्तीस.

"शून्य सेकंद," तात्या म्हणाले. "म्हणजे मिस कॉल दिले?"

"मामा मिस कॉलच द्यायचे की. माळावर गेले की आमची तशी खूणच हुती. येक दिला म्हंजी भाकर घिऊन ये, पन हल्ली ते भाकर सकाळीच बांधून न्यायचे. दोन दिले म्हंजी कायतरी वंगाळ झालंय, आसंल तशी पळत ये. तीन कदी दिलेच न्हाईत."

"आणि इथं सात."

"तेच म्हनतेत सगळे. म्हातारा सात-सात मिस कॉल देतोय अन् ही बया ढिम्म."

तात्यांनी घड्याळ काढून समोर ठेवलं. "तुझ्या फोनवरून मला एक मिस कॉल दे. घंटी वाजली की तोड. मग लगेच दुसरा. थांबू नकोस, हात चालव."

तिनं दिले. तात्या सेकंदकाट्याकडं बघत राहिले. नंबर लागायला वेळ, पलीकडं घंटी पोचायला वेळ, तोडायला वेळ. कितीही घाई केली तरी एका मिनिटात तिचे चारच झाले. तिनं पुन्हा करून बघितलं, तेव्हाही चारच.

"पोरी, मिस कॉल देणारा माणूस निदान एक घंटी वाजायची वाट बघतो," तात्या म्हणाले. "तुझ्या सासऱ्यानं एका मिनिटात सात लावले. त्याला वाट बघू दिली नाही कुणीतरी. आता कुणी, ते बघायला पाहिजे."

३

खदान वस्तीपासून दीड कोसावर, डोंगराच्या पाठीमागं. तात्या तिथं पोचेपर्यंत उन्हं चढली होती. बंकट आधीच येऊन बसला होता. हा राधाकिशनचा शेजारी, तोही मेंढपाळ. दोघांत चराईवरून संक्रांतीपासून बोलणं बंद. गावात जे ताराबाईचं नाव घेत नव्हते ते बंकटचं घेत होते, त्यामुळं गडी आधीच तापलेला होता.

"इचारा, काय इचारायचं ते," तो म्हणाला. "ढकललं का म्हनून इचारा. सगळेच इचारतेत."

"तू त्याला शोधायला कशाला आलास?"

"त्याची मेंढरं माज्या हरभऱ्यात शिरली. तीन वाजता. म्हनलं आज ह्याला सोडतच न्हाई. शिव्या देत देत आलो. अन् बघतो तर..." त्यानं मान फिरवली. "शिव्या देतच आलो, तात्या. हितं यीपर्यंत देतच हुतो."

तात्यांनी त्याला सावरू दिलं. मग स्वतःचा फोन काढून बघितला, रेंज चांगली होती. बंकटचा साधा बटणांचा फोन मागून घेतला, तोही लागला. खदानीत उतरून, राधाकिशन बसला होता तिथं बसून लावला, तरी लागला. जमादाराचं काही चुकलं नव्हतं.

"रेंज तर आहे," तात्या स्वतःशीच पुटपुटले.

"हायच की. हितं आमचा कुनाचाबी लागतो. फकस्त राधाकिशनच फोन मागायचा."

तात्या वळले. "कुणाला मागायचा?"

"मलाच की. नवा फोन आल्यापून दोनदा आला. म्हनला, बंकट, तुजा दे, घरी लावायचाय. आता तेवढा मोठा फोन खिशात असून दुसऱ्याचा कावून मागावा मानसानं? मला वाटलं बॅलन्स वाचवतोय बेनं. पयल्यांदा दिला. दुसऱ्यांदा..." बंकटनं मुरमाचा खडा उचलला आणि उगाच बोटांत फिरवत राहिला. "दुसऱ्यांदा न्हाई म्हनलो. भांडन झालतं ना. त्यानंतर त्यानं कदी मागितला न्हाई."

ढकलणं परवडलं असतं, असं तात्यांच्या मनात येऊन गेलं, निदान माणूस कबूल तरी करतो आणि मोकळा होतो.

"हा नवा फोन घेतला कुठून?" त्यांनी विचारलं.

"तानाजीनं आनला. सोमेश्वरच्या दुकानातून."

४

सोमेश्वरचं मोबाइलचं दुकान शिरूरच्या बसथांब्यासमोर होतं. पोरगा गोड बोलणारा. तात्यांना बघताच त्यानं चहा सांगितला, आणि राधाकिशनचं नाव ऐकताच चहाचं विसरला.

"फोनमधी काई दोष नव्हता, तात्या. सीलबंद डबा, एक वर्षाची वॉरंटी. देवाशपथ."

"मी कुठं दोष म्हटलं? तसाच दुसरा दाखव."

सोमेश्वरनं काढला. बघत राहावं असा होता. काचेसारखी पाठ, पाठीवर तीन कॅमेरे, त्यातले दोन नुसत्या शोभेच्या भिंगांचे. कंपनीचं नाव तात्यांनी कधी ऐकलं नव्हतं आणि पुन्हा ऐकायची शक्यताही नव्हती. त्यांनी फोन बाजूला ठेवला आणि रिकामा डबा उलटा केला. तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत आकड्यांच्या ओळी होत्या, फोन टॉवरच्या कुठल्या लहरी पकडतो त्याच्या. सोमेश्वरच्या दुकानात आलेल्या एकाही गिऱ्हाइकानं त्या ओळी कधी वाचल्या नसतील. तात्यांनी एकतीस वर्षं तसल्याच ओळी वाचल्या होत्या.

"सोमेश्वर, टॉवर एका आवाजात बोलत नाही, ठाऊक आहे का तुला?" तात्या अगदी शांतपणे म्हणाले. "दोन-तीन आवाजांत बोलतो. बारीक आवाज गावात चालतो, जवळच्या जवळ. जाड आवाज लांब जातो, डोंगराला वळसा घालून पलीकडं उतरतो. खदानीत पोचतो तो फक्त जाड आवाज. बंकटच्या फोनला तो ऐकू येतो, माझ्या फोनला येतो, जमादाराच्याही फोनला येतो. हल्लीच्या बऱ्याच फोनला येतो. आणि याला तो कानच नाही. या डब्यावर तो आकडा कुठं आहे, दाखव मला."

सोमेश्वरनं डब्याकडं बघितलंच नाही.

"वरून नवा, आतला रेडिओ सात-आठ वर्षं जुना," तात्या म्हणाले. "कुठल्या तरी गोदामात पडून राहिलेला माल नव्या काचेत बसवला. हो की नाही?"

"गावात चालतो, तात्या," सोमेश्वर खालच्या आवाजात म्हणाला. "घरी चालतो, वस्तीवर चालतो. व्हिडिओ झकास दिसतो. लोकांना तेवढंच लागतं. मानूस मेंढरं घिऊन डोंगरामागं जाईल, हे डब्यावर कुठं लिहिलेलं असतं?"

"राधाकिशनकडं आधीचा फोन होता ना एक?"

"बटनांचा हुता. चांगला हुता तो, माळावर लागायचा. तानाजीनं ह्याच्या बदल्यात दिऊन टाकला. म्हातारा दीत नव्हता, हातातून काढून घेतला त्यानं. रागानं न्हाई हो, हसत हसत. तानाजीला मुलगा झालाय ना तिकडं, ऊसतोडीच्या फडावर; पेढे घिऊन दोन दिस आलता. आबांना नातवाचं तोंड दिसलं पायजे, म्हनत हुता. मीच आबांना स्क्रीनवर ताराबाईचा फोटो लावून दिला. नंबर वाचायला नको, फोटोवर बोट ठेवलं की झालं."

म्हणून अकराच्या अकरा कॉल तिलाच. तात्यांनी डबा खाली ठेवला. खरं म्हणजे इथं त्यांचं काम संपलं होतं. पण सोमेश्वरची नजर अजून जमिनीवर होती, आणि दोषी माणूस पकडला गेला की एवढा वेळ खाली बघत नाही, हे तात्यांना ठाऊक होतं. तो वर बघून भांडायला लागतो.

"अजून काय आहे?"

"आबा आलते," सोमेश्वर म्हणाला. "फोन घेतल्यावर आठवड्यानं. चालत आलते. म्हनले, हा माळावर मुका हुतो, परत घे अन् माजा जुना दे. जुना हुता माज्याकडं तवा. मी म्हनलं, आबा, दितो, पन पावती तानाजीच्या नावावर हाय, त्याला इचारतो. हितूनच फोन लावला त्याला."

"मग?"

"स्पीकरवर हुता तो. आबा ऐकत हुते." सोमेश्वरनं तोंडावरून हात फिरवला. "तो म्हनला, सोमेश्वर, परत घिऊ नको. आबाला वापरता यीत न्हाई, बाकी काई न्हाई. पोराचं तोंड बघायचंय न्हवं त्यांना, शिकतील."

५

तात्या वस्तीवर गेले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. केसरबाई, राधाकिशनची बायको, दारात गोणपाटावर बसली होती. आतल्या खुंटीला घोंगडीचं गाठोडं टांगलेलं होतं. या घरात माणूस गेलं की त्याच्या अंगावरचं सामान त्याच्याच घोंगडीत बांधून ठेवायचं आणि तेराव्यापर्यंत गाठ सोडायची नाही, अशी रीत होती. काठी, पानाची पिशवी, चप्पल. यंदा त्यात फोनही बांधला होता. यादीचा फोटो काढून झाल्यावर तानाजीनंच तो बांधला.

तात्यांना आता सगळं लख्ख दिसत होतं. सगळ्यांनी आपापले फोन माळावर नेऊन बघितले. मेलेल्या माणसाचा फोन तिकडं परत न्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, आलं असतं तरी रीत आडवी आली असती.

"वहिनी, तो फोन एकदा खदानीवर न्यायचाय," ते म्हणाले.

"तिथं लागत न्हाई तो," केसरबाई म्हणाली.

तात्या उंबऱ्यावरच बसले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"रोज म्हनायचे. केसर, ह्यो माळावर मुका हुतो. तानाजीला सांगा, म्हनलं मी. सांगितलं, म्हनले, तो म्हनतो मला यीत न्हाई." तिनं पदर तोंडावर घेतला आणि लगेच काढला. "संध्याकाळी मातर पोराला बघायचे त्यात. हसायचे. लई हसायचे."

"मग सुनेवर आळ आला तेव्हा बोलला का नाहीत?"

म्हातारी पुढं सरकली आणि तिनं तात्यांचे पाय धरले, आपल्या वयाच्या माणसाचे.

"भाऊ, थोरला गेला माजा. राम गेला. आता हे गेले. ह्यो येकच उरलाय. त्याला हे कळलं तर तो ऱ्हायचा न्हाई. आतड्यानं बापावर जीव लावलेलं पोरगं हाय, मला म्हाईत हाय. तारा परक्याची लेक हाय, तिला म्हायेर हाय. ती जगंल. कुठंबी जगंल."

"आणि तेजश्री?"

केसरबाई रडायला लागली, पण पाय काही सोडेना. तात्यांनी ते हळूच सोडवून घेतले. परत येताना दीड तासाच्या वाटेवर त्यांनी दहा वेळा ठरवलं आणि दहा वेळा मोडलं. एका आईचं पोर वाचवायचं तर दुसऱ्या आईचं पोर काढून घ्यायचं, असा हा हिशोब. कायद्याची एवढी वर्षं चाकरी केली, पण असला निवाडा त्यांच्या वाट्याला कधी आला नव्हता. ते नेहमी दुसऱ्यांचे निरोप पोचवत आले. निरोप कुणाच्या घरात काय करतो, हे बघायला त्यांना कधी जावं लागलं नव्हतं.

६

तेराव्याचं जेवण झालं. भावकीतली पंधरा-वीस माणसं लिंबाखाली बसली. तेजश्री आजीला चिकटून होती, आणि ताराबाई एका बाजूला, एकटी. तिच्याजवळ कपड्यांची एक पिशवी भरून ठेवलेली होती.

बैठक सुरू व्हायच्या आधी तात्यांनी तानाजीला गोठ्यामागं नेलं. तिशीचा गडी, पण तेरा दिवसांत दहा वर्षांनी म्हातारा दिसायला लागला होता.

"वहिनीवरचा आळ मागं घे," तात्या म्हणाले. "का घेतलास ते कुणाला सांगू नकोस. माझं चुकलं म्हण आणि बैठक मोड. मी तोंड उघडणार नाही."

तानाजीचा चेहरा क्षणभर सैल झाला. तात्यांना वाटलं, आता हा बोलेल. पण तो मागं सरकला. "तिनंच मारलंय माज्या बापाला," तो म्हणाला. "पुरावा हाय. अकरा कॉल हायत." आणि लिंबाखाली जाऊन बसला.

त्यानं 'का' असं विचारलं नव्हतं. मागं का घेऊ, हा साधा प्रश्न. तात्यांना तेवढं पुरे झालं.

मग घोंगडीची गाठ सोडली गेली. चार्जिंग करून फोन चालू केला, तर वस्तीवर रेंज आली. तात्या म्हणाले, आता सगळ्यांनी माळावर चला. कुरकुर झाली, जेवून कुणाला चालायचं नव्हतं. पण बंकट पुढं झाला. "चल रे," तो तानाजीला म्हणाला. "तुज्या बापासाठी तेरा दिस सुतक पाळलंस, आनिक दीड कोस चाल."

खदानीत तात्या स्वतः उतरले. ताराबाईला काठावर उभं केलं, तिचा फोन सगळ्यांना दिसेल असा वर धरायला लावला. आधी बंकटच्या फोनवरून लावला, तिचा वाजला. स्वतःच्या फोनवरून लावला, तोही वाजला. मग राधाकिशनचा फोन हातात घेतला आणि सुनेच्या फोटोवर बोट ठेवलं.

फोनवर एक ओळ उमटली आणि गेली. कॉल तुटला. वर ताराबाईचा फोन तसाच गप्प. तात्यांनी पुन्हा बोट ठेवलं. पुन्हा तेच. घड्याळ बंकटच्या हातात दिलेलं होतं. मिनिट संपायच्या आत सात कॉल झाले, यादीत सातही नोंदले गेले, शून्य सेकंदाचे, आणि काठावरचा फोन एकदाही वाजला नाही.

"हा कॉल या फोनाच्या बाहेर पडतच नाही," तात्या खालूनच म्हणाले. "टॉवर बोलतो ते याला ऐकू येत नाही, आणि हा बोलतो ते टॉवरला पोचत नाही. नवा म्हणून विकला, आतून जुना होता. बाईनं काही पुसलं नाही. तिच्याकडं काही आलंच नव्हतं. दोष यंत्राचा. बाकी कुणाचा नाही."

शेवटचं वाक्य खोटं होतं आणि ते त्यांनी मुद्दाम म्हटलं होतं. त्यांना तिथंच थांबायचं होतं. भावकीतला वडीलधारा म्हातारा खाकरला, ताराबाईकडं बघून म्हणाला, "चुकलं आमचं, पोरी. तू कुठं जात न्हाईस अन् तुजी लेकबी कुठं जात न्हाई." तेजश्री आजीचा हात सोडून पळत आईकडं गेली. आता सगळे घरी गेले असते.

पण तानाजी खदानीच्या काठावर बसून राहिला होता.

"आबा परत द्यायला गेलते," तो म्हणाला. कुणाकडंच बघत नव्हता. "दुकानात गेलते. मी न्हाई म्हनलो. फोनवर सांगितलं, तुमाला यीत न्हाई. आबा दुसरं काई बोलले न्हाईत. बरं म्हनले."

"तानाजी, गप," केसरबाई ओरडली.

"पयल्याच दिशी कळलंतं मला. यादी बघितली तवाच कळलंतं. मंग मी काय करायचं हुतं? कुनीतरी लागत हुतं ना, आई. माज्याबिगर कुनीतरी लागत हुतं." आणि मग तो मोठ्यानं रडायला लागला, लहान पोरासारखा, तोंड उघडं टाकून. त्याला उचलायला कुणी पुढं झालं नाही. शेवटी बंकट गेला आणि त्याच्याशेजारी नुसता बसला.

तात्या धापा टाकत वर आले. ताराबाई लेकीला पोटाशी धरून उभी होती. तिची मुलगी राहिली, घर राहिलं, नावावरचा डाग गेला. तात्यांना वाटलं, हिच्या तरी चेहऱ्यावर आता काही दिसेल. काहीच दिसत नव्हतं. ती त्यांच्या हातातल्या फोनाकडं बघत होती.

"तात्या, फोन लावला की ते काय लिहून येतंय?"

"नेटवर्क मिळत नाही, असं."

"मराठीत?"

तात्यांनी खोटं बोलायचा विचार केला. पण तिनं मागितला असता तर फोन दाखवावा लागला असता. "इंग्रजीत," ते म्हणाले.

"मामा मराठी वाचायचे. येक येक अक्षर जुळवत, पन वाचायचे." ती थांबली. "इंग्रजी येत नव्हतं त्यांना."

तात्यांनी हातातला फोन पालथा केला.

"फोन चांगला हाय, तुमालाच यीत न्हाई, असं लेकानं सांगितलं अन् ते बरं म्हनले. म्हंजी त्यांना वाटलं, मीच कट करतेय," ताराबाई म्हणाली. "चार तास, तात्या. मरंपर्यंत त्यांना वाटत हुतं, मी उचलंना."